घरच्या घरी माउंटन बाइकची देखभाल : पुण्यातील सायकलस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी सिंहगड किंवा बोपदेव घाट करून चहाच्या टपरीवर सायकली टेकवल्या की देखभालीचे तेच ते प्रश्न पुन्हा निघतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. पुढे सस्पेन्शन, मागे गिअर आणि बहुधा डिस्क ब्रेक असलेली, मध्यम किमतीची माउंटन बाइक डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे दिली आहेत. मात्र आपल्या सायकलसोबत आलेल्या पुस्तिकेत एखादा आकडा वेगळा दिला असेल, तर पुस्तिकेतलाच आकडा प्रमाण मानावा.

घरी नेमके किती काम करता येते? दुकानात केव्हा जावे?

धुणे, चेन साफ करून तेल देणे, पंक्चर काढणे, ब्रेकचे पॅड बदलणे, गिअरची तार जुळवणे आणि बोल्ट तपासणे ही सगळी कामे घरच्या गॅलरीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतात. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकमधली हवा काढणे, सस्पेन्शन उघडणे, चाकाचा मोठा आउट (डुलणे) काढणे आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात तो फ्रेममधला भाग) बदलणे यांसाठी खास हत्यारे आणि सराव लागतो, त्यामुळे ती कामे निदान पहिली दोन-तीन वर्षे जाणत्या मिस्त्रीकडे सोपवावीत. घरी बिघडलेल्या ज्या सायकली मी पाहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक हयगयीने बिघडलेल्या नव्हत्या. मालकाने प्रेमापोटी पाणी जास्त मारले, तेल जास्त ओतले किंवा पाना जास्त आवळला, म्हणून त्या बिघडल्या होत्या. ही गोष्ट पुढच्या अनेक उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल.

सुरुवातीला कोणती हत्यारे घ्यावीत?

२ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंतच्या ॲलन कीचा चांगला संच, टी-२५ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाची) की, १५ मिलिमीटरचा पाना, टायर रिमवरून काढायचे प्लॅस्टिकचे दोन टायर लिव्हर, दाब दाखवणारा उभा पंप, पंक्चरचे सामान, चेन तोडायचे हत्यार आणि चेनची झीज मोजायची पट्टी एवढ्यात वर्षभराचे काम भागते. ॲलन की बोहरी आळीत हव्या त्या किमतीत मिळतात, परंतु या एका वस्तूत काटकसर करू नये. स्वस्त कीच्या कडा लवकर गोल होतात, मग ती बोल्टच्या तोंडात फिरते आणि बोल्टच खराब होतो. असा खराब झालेला बोल्ट काढण्याचा खर्च संचाच्या किमतीपेक्षा जास्त येतो. स्टँड नसेल तर सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर ठेवली तरी चालते. मात्र त्यासाठी खाली जुनी सतरंजी अंथरावी, आणि हायड्रॉलिक ब्रेकची सायकल फार वेळ उलटी ठेवू नये, कारण ब्रेकच्या तेलाच्या टाकीत थोडी हवा असल्यास ती नळीत शिरते आणि ब्रेकचा लिव्हर मऊ लागू लागतो.

टेकडीवरून आल्यावर दर वेळी सायकल धुवावी का?

नाही. नोव्हेंबर ते मे या काळात आपल्याकडच्या वाटांवर मुख्यतः मुरमाची कोरडी धूळ असते आणि ती मऊ ब्रशने आणि कोरड्या फडक्याने निघते. फडके आधी सस्पेन्शनच्या चकचकीत नळ्यांवर, मग फ्रेमवर आणि सर्वांत शेवटी चेनवर फिरवावे. हा क्रम उलटा झाला तर चेनचे तेलकट काळे नळ्यांना लागते.

पावसाळ्यात मात्र चिखल वाळण्यापूर्वीच काढावा. काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते आणि ओरबाडून काढताना रंगावर चरे पडतात. एक बादली साधे पाणी, दुसऱ्या बादलीत भांड्यांचा किंवा गाडी धुण्याचा सौम्य साबण, एक मोठा स्पंज आणि दोन ब्रश एवढे पुरते. चेन आणि गिअरसाठीचा ब्रश वेगळा ठेवावा आणि तो ब्रेकच्या डिस्कजवळ कधीही नेऊ नये. पाणी वरून हळू ओतावे. मोटारसायकली धुणाऱ्या सेंटरवरचा जोराचा फवारा सायकलवर मारू नये, असे मी आग्रहाने सांगतो. हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट (हँडल जेथे फ्रेममध्ये फिरते तो सांधा) आणि बॉटम ब्रॅकेट यांच्या रबरी सिलांचे काम वरून उडणारे पाणी अडवण्याचे असते. दाबाखालचे पाणी त्यांच्या कडेने आत शिरते, ग्रीस धुऊन काढते आणि छर्ऱ्यांना गंज चढतो. सायकल बाहेरून लखलखीत दिसते आणि महिन्याभराने चाक फिरवल्यावर आतून खरखर ऐकू येते.

धुतल्यानंतर सायकल दोन-चार वेळा जमिनीवर हलकेच आपटून अडकलेले पाणी झटकावे, फडक्याने पुसावी आणि चेन लगेच कोरडी करावी. पावसाळ्यात ओली चेन एका रात्रीत तांबूस होते.

चेन साफ करायला रॉकेल चालते का?

चालते, आणि आपल्याकडच्या दुकानांत पिढ्यान् पिढ्या तेच वापरले गेले आहे. रॉकेल मळ उत्तम सोडवते. परंतु ते टायरच्या रबरावर किंवा ब्रेकच्या डिस्कवर सांडता कामा नये. चेन काढून ती रॉकेलमध्ये बुडवली असेल, तर नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय तेल देऊ नये, कारण आत उरलेले रॉकेल नवे तेल पातळ करते. हे काम उघड्यावर, देवघराच्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब करावे आणि उरलेले काळे रॉकेल मोरीत ओतू नये. पेट्रोल मात्र वापरूच नये, कारण त्याची वाफ पटकन पेट घेते. घरात लहान मुले असतील तर सायकलसाठी मिळणारे पाण्यात विरघळणारे डिग्रीझर घेणे मला अधिक योग्य वाटते.

दर वेळी चेन काढण्याची गरज नसते. फडक्यावर थोडे डिग्रीझर घेऊन चेन मुठीत धरावी आणि पेडल उलटे फिरवावे. फडके काळे झाले की घडी बदलावी. असे चार-पाच वेळा केल्यावर चेनच्या पट्ट्यांवरची अक्षरे दिसू लागली, की त्या आठवड्यापुरते काम झाले.

चेनला कोणते तेल द्यावे आणि किती द्यावे?

चेनचे तेल ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. कोरड्या हवेसाठीचे तेल पातळ किंवा मेणयुक्त असते, वाळल्यावर त्याला धूळ कमी चिकटते, परंतु पावसात ते लवकर धुऊन जाते. ओल्या हवेसाठीचे तेल घट्ट असते, ते पावसात टिकते, परंतु उन्हाळ्यात वापरले तर धूळ ओढून घेते. पुण्यात जून ते सप्टेंबर दुसरे आणि उरलेले वर्षभर पहिले, असा हिशेब ठेवावा. शिलाई मशीनचे तेल फार पातळ असल्याने लवकर उडून जाते, तर मोटारीच्या इंजिनाचे तेल घट्ट असल्याने मुरमाची धूळ धरून ठेवते. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा गंज सोडवण्यासाठी आणि पाणी हटवण्यासाठी आहे. तो चेनचे तेल म्हणून वापरला तर मूळ वंगण धुऊन निघते आणि चेन दोन दिवसांत कोरडी पडून किरकिरू लागते.

तेल चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे खालच्या पदराच्या वरच्या अंगाला, प्रत्येक रोलरवर एक थेंब याप्रमाणे द्यावे. पेडल मिनिटभर उलटे फिरवावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचे सगळे तेल पुसून टाकावे. पुसण्याची ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत तीच महत्त्वाची आहे. वंगणाची गरज पिन आणि रोलर यांच्या मध्ये असते. बाहेर राहिलेल्या तेलाला मुरमाची बारीक पूड चिकटते, त्याची काळी लुगदी होते आणि ती पॉलिशपेपरसारखी चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) घासत राहते.

चेन केव्हा बदलावी?

चेनच्या एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, म्हणून २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते. पिन झिजल्या की हे अंतर वाढत जाते आणि त्यालाच आपण चेन ताणली असे म्हणतो. ८, ९ किंवा १० गिअरच्या कॅसेटवर ही वाढ ०.७५ टक्क्यापर्यंत पोहोचली की चेन बदलावी, तर ११ किंवा १२ गिअर असतील तर ०.५ टक्क्यालाच बदलावी. झीज मोजायच्या पट्टीवर हे दोन्ही आकडे कोरलेले असतात. पट्टी नसेल तर स्टीलच्या फूटपट्टीने २४ कड्या मोजाव्यात. १२ इंच आणि वर एक षोडशांश इंच भरले, तर ०.५ टक्का झीज झाली असे समजावे.

मोजमाप महिन्यातून एकदा केले तरी पुरते. वेळेवर चेन बदलली तर एक कॅसेट दोन-तीन चेन सहज पुरते. उशीर केला तर झिजलेली चेन कॅसेटचे दात आपल्या मापाने झिजवते, मग नवी चेन जुन्या दातांवरून सटकू लागते आणि दोन्ही एकदम बदलावे लागतात. नवी चेन घेताना आपल्या कॅसेटवर किती चकत्या आहेत ते मोजून सांगावे, कारण ८ गिअरची चेन १० गिअरच्या कॅसेटवर चालत नाही.

टायरमध्ये हवा किती असावी? पेट्रोल पंपावर भरली तर चालेल का?

टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. त्या मर्यादेत राहून ट्यूब असलेल्या २.१ ते २.३ इंच रुंद टायरसाठी, साधारण ७० किलो वजनाच्या स्वाराने डांबरी रस्त्यावर ४० ते ४५ पीएसआय आणि टेकडीच्या वाटेवर ३० ते ३५ पीएसआय यापासून सुरुवात करावी. वजन जास्त असेल तर दाब थोडा वाढवावा. मागच्या चाकावर भार अधिक येतो, म्हणून तेथे पुढच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावे. खूप फुगवलेला टायर सुट्या मुरमावर उड्या मारतो आणि पकड सोडतो. फारच कमी हवा असेल तर दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात.

माउंटन बाइकच्या ट्यूबचा वॉल्व्ह बहुधा मोटारसायकलसारखा जाड असतो, त्यामुळे पेट्रोल पंपाची नळी त्यावर बसते. तेथे आकडा लावून हवा भरताना लक्ष द्यावे, कारण ट्यूबमध्ये मावणारी हवा मोटारीच्या टायरच्या मानाने फार थोडी असते आणि दाब क्षणात वाढतो. वॉल्व्ह बारीक आणि टोकाला छोटी चकती असलेला असेल, तर ती चकती आधी सैल करावी लागते आणि पंपावर हवा भरण्यासाठी पितळी अडॅप्टर लागतो. तो दोन-चार नगच घ्यावेत, कारण ही वस्तू हरवतेच.

वारंवार पंक्चर होते. काय करावे?

आपल्या टेकड्यांवर बाभळीचे काटे आणि सराटे भरपूर आहेत, त्यामुळे पंक्चर होणे स्वाभाविक आहे. परंतु एकाच चाकाचे पंक्चर आठवड्यात दोनदा झाले तर पहिला काटा अजून टायरमध्येच आहे असे समजावे. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडतो, बाहेरून त्याचे टोकही दिसत नाही आणि आत मात्र दोन मिलिमीटर टोक उरलेले असते. म्हणून ट्यूब बाहेर काढल्यावर वॉल्व्हची जागा टायरवर खुणेने लक्षात ठेवावी, ट्यूबमधले भोक सापडले की त्याच्या समोरची टायरची जागा आधी शोधावी आणि मग टायरच्या आतून बोट अगदी हलके फिरवत एक पूर्ण फेरी करावी. बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवला तर तो काट्याला अडकतो आणि बोटही वाचते. काटा चिमट्याने आतून किंवा बाहेरून, जिकडून निघेल तिकडून काढावा. भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे आऱ्यांकडच्या बाजूला असेल तर दोष काट्याचा नसून रिमच्या आत आऱ्यांची टोके झाकणाऱ्या पट्टीचा असतो. ती सरकली किंवा फाटली असेल तर बदलावी.

ठिगळ लावताना ट्यूब पॉलिशपेपरने घासून चमक घालवावी, सोल्यूशन ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर पातळ लावावे आणि ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. ओल्या सोल्यूशनवर घाईने ठेवलेले ठिगळ घाटाच्या मध्यावर सुटते. ट्यूब विकत घेताना चाकाचे माप टायरवर वाचून सांगावे. २६, २७.५ आणि २९ इंच ही तिन्ही मापे आपल्याकडे प्रचलित आहेत आणि टायरवर शेजारी ५५९, ५८४ किंवा ६२२ असा मिलिमीटरमधला आकडाही असतो. तो आकडा सांगितला तर चूक होत नाही.

रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले असतील तर काट्यांवर ट्यूबलेससारखा दुसरा उपाय नाही. आतले द्रव सीलंट काट्याएवढे भोक फिरत्या चाकात आपोआप बुजवते. मात्र हे सीलंट वाळते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लवकर वाळते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालावी. चाक कानाजवळ धरून हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली नाही, तर ते संपले असे समजावे.

डिस्क ब्रेक किंचाळतो किंवा लिव्हर दाबूनही सायकल थांबत नाही. कारण काय?

बहुतेक वेळा डिस्कवर किंवा पॅडवर तेल गेलेले असते. मला हे सिंहगडावर कळले. आदल्या रात्री मी गॅलरीत सायकल भिंतीला टेकवून चेनवर फवाऱ्याच्या डब्यातले तेल मारले होते, वारा होता, आणि तेलाचा बारीक तुषार मागच्या डिस्कवर बसला असेल असे माझ्या मनातही आले नाही. सकाळी गडावरून गोळेवाडीकडे उतरताना दुसऱ्या वळणाआधी मागचा लिव्हर दाबला, तो नेहमीसारखा घट्ट लागला, परंतु चाकावर काहीच परिणाम झाला नाही. फक्त एक लांब किंचाळी ऐकू आली. पुढच्या ब्रेकवर आणि रस्त्याकडेच्या खडीवर मी सायकल थांबवली. डिस्कवरून बोट फिरवणार होतो, पण उतारानंतर ती पोळण्याइतकी तापलेली असते हे वेळेवर आठवले. थंड झाल्यावर पांढऱ्या रुमालाने पुसली, तेव्हा रुमालावर तेलाचा पिवळसर पट्टा उमटला. तेव्हापासून मी फवाऱ्याचे तेल घरात ठेवलेले नाही. थेंब सोडणारी बाटलीच वापरावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

उपाय असा आहे. चाक काढावे, डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्यावर फडके बदलत पुसावी. हे अल्कोहोल सर्किट साफ करण्यासाठी वापरतात, त्यामुळे तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते. पॅड बाहेर काढून सपाट फरशीवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर हलके घासावेत. पॅडमध्ये तेल खोल मुरले असेल तर ते पुन्हा चांगले होत नाहीत, आणि तेथे मोह न ठेवता नवे घ्यावेत. नव्या किंवा घासलेल्या पॅडना डिस्कवर बसू द्यावे लागते. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या वेगावरून चाक न अडकवता चालण्याच्या वेगापर्यंत यावे आणि असे प्रत्येक ब्रेकने पंधरा-वीस वेळा करावे. ही पायरी गाळून थेट घाट उतरू नये.

लिव्हर हँडलपर्यंत आत जात असेल किंवा स्पंजासारखा मऊ लागत असेल तर नळीत हवा आहे किंवा तेल गळते आहे. ती सायकल दुकानात न्यावी आणि तोवर चालवू नये.

पॅड किती झिजले की बदलावेत? ब्रेकचे तेल कोणतेही चालते का?

पॅडच्या धातूच्या पाटीवर जो घर्षणाचा थर असतो, तो ०.५ मिलिमीटर उरण्याआधी पॅड बदलावेत. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड ज्यात बसतात त्या भागात, मागून टॉर्चचा प्रकाश टाकला की थर दिसतो. पावसाळ्यात ताम्हिणीकडच्या चिखलात एकाच दिवसात पॅड संपल्याची उदाहरणे आहेत, म्हणून त्या महिन्यांत प्रत्येक फेरीनंतर पाहावे. चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नये. दाबला तर पिस्टन जवळ येतात आणि डिस्क आत जात नाही. चुकून दाबला गेला, तर प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन हळूच मागे ढकलावेत.

तेलाच्या बाबतीत तडजोड चालत नाही. शिमानो, टेक्ट्रो आणि मागुरा यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, तर स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट प्रकारचे तेल असते. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतले रबरी सील फुगतात किंवा खराब होतात आणि पूर्ण ब्रेक निकामी होतो. कोणते तेल लागते ते लिव्हरच्या टाकीवर लिहिलेले असते. तारेच्या डिस्क ब्रेकला तेल नसतेच. तेथे तार ताणलेली ठेवणे आणि कॅलिपरच्या नॉबने पॅड डिस्कजवळ आणणे एवढेच करायचे असते.

गिअर नीट पडत नाहीत, चेन मध्येच उड्या मारते. स्क्रू फिरवून पाहू का?

मागच्या डिरेल्यूरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर) एच आणि एल अशी खूण असलेले दोन स्क्रू असतात. त्यांना आधी हात लावू नये. चेन कॅसेटच्या दोन्ही टोकांना कोठवर जावी, याची हद्द तेवढी ते ठरवतात. काल चांगले चालणारे गिअर आज बिघडले तर कारण बहुधा तारेत असते. नवी तार काही आठवड्यांत थोडी सैल होते. डिरेल्यूरमध्ये किंवा हँडलवरच्या शिफ्टरपाशी (गिअर बदलायच्या खटक्यापाशी) तार जेथे शिरते, तेथे बोटाने फिरवायचा नॉब असतो. मोठ्या चकतीवर चढायला चेन कचरत असेल तर तो नॉब घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवावा आणि पुन्हा पाहावे. लहान चकतीवर उतरायला वेळ लागत असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरवावा. एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवले तर आपण कोठून निघालो तेच कळेनासे होते.

नॉब फिरवूनही चढताना बरे आणि उतरताना वाईट असे होत असेल, तर तारेच्या आवरणात पावसाळ्याचा चिखल गेलेला असतो. तार आणि आवरण दोन्ही बदलावे. खर्च थोडा असतो आणि फरक मोठा पडतो.

सायकल उजव्या बाजूवर पडली असेल किंवा गाडीच्या डिकीत उजव्या अंगावर झोपवली असेल, तर डिरेल्यूर ज्या पट्टीला लटकते ती हँगरची पट्टी वाकलेली असू शकते. मागे उभे राहून पाहावे. डिरेल्यूरच्या दोन्ही पुली कॅसेटच्या चकतीच्या रेषेत उभ्या दिसल्या पाहिजेत. वाकडे हँगर तसेच ठेवून चढावर सर्वांत मोठी चकती टाकली, तर डिरेल्यूर आऱ्यांमध्ये शिरून मोडते. आपल्या मॉडेलचे एक जादा हँगर लांबच्या फेरीवर सोबत ठेवावे.

पुढच्या सस्पेन्शनची घरी काय काळजी घ्यावी?

प्रत्येक फेरीनंतर चकचकीत नळ्या आणि त्यांच्या तळाचे रबरी सील पुसावेत. हवेचे सस्पेन्शन असेल तर त्याचा पंप वेगळा असतो. टायरचा पंप तेथे उपयोगाचा नाही. दाब ठरवताना आपल्या नेहमीच्या पिशवीसह सायकलवर बसावे आणि नळी किती दबते ते मोजावे. १०० मिलिमीटर सस्पेन्शन असेल तर २० ते २५ मिलिमीटर दबणे योग्य समजतात. आतले तेल आणि सील बदलण्याचा काळ कंपनीनुसार वेगळा असतो आणि तो तासांत दिलेला असतो, म्हणून एका वहीत फेऱ्यांचे तास लिहून ठेवावेत.

बोल्ट किती घट्ट करावेत?

त्यावर लिहिले असेल तेवढेच. हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टांवर बहुधा ४ ते ६ न्यूटन मीटर असा आकडा असतो, आणि तो आकडा मनगटाच्या जोरापुरता आहे, खांद्याच्या नव्हे. चार बोल्ट असतील तर फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत, म्हणजे पट्टीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहते. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की तो भागच बदलावा लागतो. टॉर्क पाना महाग वाटत असेल तर दोन-तीन मित्रांत मिळून एक घ्यावा. कार्बनचा सीटपोस्ट किंवा हँडल असेल, तर टॉर्क पान्याशिवाय त्याला हात लावूच नये.

हेडसेट ढिला आहे का ते पाहण्यासाठी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी आणि दुसऱ्या हाताची बोटे फ्रेम आणि फोर्क यांच्या सांध्यावर ठेवावीत. तेथे टकटक जाणवली तर स्टेमचे बाजूचे बोल्ट आधी सैल करून मग वरच्या टोपीचा बोल्ट किंचित आवळावा, हँडल सरळ करावे आणि शेवटी बाजूचे बोल्ट पुन्हा आवळावेत. बाजूचे बोल्ट सैल न करताच टोपी आवळण्याची चूक फार सामान्य आहे.

पेडल निघत नाही. कोणत्या दिशेला फिरवायचे?

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपे असे की पाना पेडलवर उभा धरावा आणि त्याचे वरचे टोक मागच्या चाकाकडे ढकलावे. दोन्ही बाजूंची पेडले अशाने सुटतात. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावावे आणि पहिले तीन-चार फेरे हातानेच द्यावेत, म्हणजे आटे वाकडे धरत नाहीत.

पेडल मारताना कुरकुर आवाज येतो. बॉटम ब्रॅकेट गेले का?

तसे लगेच मानू नये. आधी उभे राहून पेडल मारावे. आवाज थांबला तर तो सीटचा किंवा सीटपोस्टचा आहे. सीटपोस्ट काढून पुसावा, धातूचा असेल तर हलके ग्रीस लावून पुन्हा बसवावा. बसूनही आणि उभे राहूनही प्रत्येक फेऱ्याला एकदा आवाज येत असेल, तर पेडलचे आटे, क्रँकचे (पेडलच्या दांडीचे) बोल्ट आणि चेनरिंगचे बोल्ट या क्रमाने काढून, साफ करून, ग्रीस लावून आवळावेत. एवढे करूनही आवाज राहिला आणि क्रँक हाताने आडवा हलवल्यावर हलत असेल, तेव्हा बॉटम ब्रॅकेटकडे वळावे.

चाक डुलते. आउट घरी काढता येईल का?

एखाद-दुसरी आरी सैल झाली असेल आणि चाक दोन मिलिमीटरपर्यंतच डुलत असेल, तर आऱ्यांच्या चावीने पाव-पाव फेरी देऊन जमते. त्याहून जास्त असेल किंवा आरी तुटली असेल, तर चाक दुकानात द्यावे.

निघण्यापूर्वी दोन मिनिटांत काय पाहावे?

दोन्ही टायर अंगठ्याने दाबावेत, दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलावी, आणि चाके नीट आवळली आहेत का ते पाहावे. चाक आवळणारा क्विक रिलीज लिव्हर नटासारखा गोल फिरवून आवळायचा नसतो. तो उघड्या स्थितीतून मिटवताना अर्ध्यावर आल्यावर प्रतिकार जाणवला पाहिजे आणि मिटताना तळहातावर त्याचा वळ उमटला पाहिजे. मग सायकल एक वीत उचलून सोडावी आणि कान देऊन ऐकावे. टायरचा आवाज ठीक आहे, दुसरी कसलीही खडखड झाली तर ती शोधल्याशिवाय निघू नये.

पावसाळ्यात दोन महिने सायकल चालवणार नाही. कशी ठेवावी?

धुऊन, पूर्ण वाळवून, चेनला ओल्या हवेचे तेल देऊन ठेवावी. सस्पेन्शनच्या नळ्या पुसाव्यात. सायकल गॅलरीच्या कठड्याशी ठेवली तर तिरप्या पावसाचे पाणी सीटपोस्टमधून फ्रेममध्ये उतरते, म्हणून ती घरात भिंतीला लावून ठेवावी, आणि पूर्ण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, कारण आत ओल धरते. टायरमध्ये हवा असू द्यावी आणि पंधरा दिवसांनी एकदा दाब पाहावा, नाहीतर पूर्ण वजन एकाच जागी पडून टायरच्या कडांना भेगा जातात. त्याच वेळी सायकल उचलून चाके आणि पेडले दहा-वीस फेरे फिरवावीत. सप्टेंबरच्या शेवटी पहिल्या फेरीला निघण्याआधी ब्रेकच्या डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्याव्यात, आणि सोसायटीच्या आवारातच दोन-चार वेळा ब्रेक लावून पाहावेत.